एकमत झालेली वीस घरं

शुक्रवारी सकाळी मी प्रतिभाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि टेबलावर तीन फॉर्म शेजारी शेजारी मांडले. एकाच घरातले तीन. वडिलांचा, आईचा आणि नववीतल्या मुलीचा. प्रत्येक फॉर्मवर चाळीस वाक्यं आणि चाळीस खुणा. तिन्ही फॉर्मवर चाळीसच्या चाळीस खुणा त्याच त्याच चौकटीत होत्या.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"एकमत दिसतंय, मॅडम."

"तुझ्या घरी होतं का असं?"

"आमच्या घरी चहात आलं घालायचं का नाही, यावर होत नाही."

"माझ्याही. मग या वीस घरांत कसं झालं?"

प्रतिभा गप्प झाली. नजर टेबलाच्या कडेवर. लोकांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यावर माझं पोट तीस वर्षं चाललंय. त्या दिवशीही मी अर्थ लावला.

पुढे जाण्याआधी कामाचं थोडं सांगते. मी मानसशास्त्रातली संशोधक. नाशिकमधल्या एका छोट्या संशोधन केंद्रात वयात येणाऱ्या मुलांवर आणि त्यांच्या घरांवर काम करते. 'फॅमिली थेरपी' हे ऐकायला भारदस्त वाटतं. अर्थ साधा आहे. घरातलं चौदा-पंधरा वर्षांचं पोर अबोल झालं, आदळआपट करू लागलं, शाळेला जाईना, तर त्याला एकट्याला दुरुस्तीला घेऊन यायचं नाही. सगळं घर एकत्र बसवायचं. कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाच्या वतीनं बोलतं, कोणाला मध्येच तोडलं जातं, हे पाहायचं. आमच्या अभ्यासात प्रत्येक घराच्या अशा सहा बैठका होत्या. बैठकांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा फॉर्म भरून घ्यायचा होता.

फॉर्मवर वाक्यं असतात. 'आमच्या घरात निर्णय घेण्याआधी मुलांचं मत विचारलं जातं.' 'आमच्या घरात रागावलेल्या माणसाशी नंतर कोणीतरी बोलतं.' पुढे पाच चौकटी : कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. आई, वडील आणि मूल, तिघांना तीच वाक्यं.

यातली गंमत अशी, की तिघांची उत्तरं कधीच जुळत नाहीत. मत विचारलं जातं का, यावर बाप 'नेहमी' म्हणतो, आई 'कधीकधी' म्हणते आणि मुलगी 'कधीच नाही' म्हणते. तिघं एकाच छपराखाली राहतात आणि आपापल्या परीनं तिघंही खरं सांगत असतात. ही तफावत हाच आमचा कच्चा माल. बैठकांनंतर ती थोडी कमी झाली, तर आम्ही सावधपणे खूश होतो. ती पूर्ण नाहीशी झाली, तर घाबरायला हवं.

आमचे डायरेक्टर ठोंबरे सर घाबरले नाहीत. ते आनंदले.

चांदवड आणि लासलगावच्या मधल्या तीन खेड्यांतली ही वीस घरं. पहिल्या फेरीत त्यांच्यात नेहमीसारखी तफावत होती. दुसऱ्या फेरीत ती गायब. सरांनी संगणकावरचा आलेख पाहिला आणि त्याच दुपारी त्याला नाव दिलं : 'संवादाचा नाशिक पॅटर्न'. पुढच्या शनिवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये आमची राष्ट्रीय परिषद होती. राष्ट्रीय एवढ्यासाठी, की एक वक्ते इंदूरहून यायचे होते. बॅनर छापायला गेला. त्यावर आलेखापेक्षा सरांचा फोटो मोठा होता.

मी प्रतिभाकडे तिची दौरा डायरी मागितली. प्रतिभा आमची फील्ड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे गावोगाव जाऊन माहिती गोळा करणारी. वय एकोणतीस. हेच फॉर्म तिच्या पीएचडीचाही आधार होते. पीएचडी होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, असा करार तिनं वडिलांशी केला होता आणि वडील तो कुरकुरत पाळत होते.

नियम असा, की फॉर्म हातात द्यायचा नाही. प्रत्येकाला वेगळं बसवायचं, प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं, समजलं का विचारायचं आणि तो सांगेल तिथे आपण खूण करायची. एका माणसाला पाऊण तास तरी लागतो. डायरीत एका दिवसात चार घरं होती. चार घरं म्हणजे बारा माणसं. वर तीन गावांमधलं अंतर आणि एसटी.

"बारा माणसं एका दिवसात?"

"फॉर्म मी त्यांच्या घरूनच आणलेत, मॅडम."

"मी ते विचारलं नाही. वाचून भरून घेतलेस का?"

पुन्हा टेबलाची कड.

मला पुरेसं कळलं, असं मला वाटलं. तिनं एसटीत बसून फॉर्म भरले. आमच्या व्यवसायात याला डेटा बनवणं म्हणतात, आणि ते सिद्ध झालं की त्या माणसाला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. करार जातो, पीएचडी जाते, शिफारसपत्र लिहिणारे फोन उचलायचे थांबतात.

मी सरांकडे गेले. तेव्हा ते स्मृतिचिन्हांचे नमुने पाहत होते. एक दिवा होता, एक उघडलेलं पुस्तक होतं आणि एक तळहात होता, ज्यावर नेमकं काय आहे ते कळत नव्हतं.

"सर, दुसऱ्या फेरीचा डेटा मला संशयास्पद वाटतो."

"का? चांगला आला म्हणून?"

"फार चांगला आला म्हणून."

"मॅडम, तुम्हाला यशाची अॅलर्जी आहे." त्यांनी तळहात बाजूला ठेवला. "संशय कोणावर?"

मी प्रतिभाचं नाव घेतलं. ते घ्यायची मला जरा घाईच झाली, हे नंतर लक्षात आलं. सरांनी मिनिटभर विचार केला आणि संगणकाकडे वळून दोन पत्रं टाइप केली. सर एवढ्या वेगानं टाइप करताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

पहिल्या पत्रात होतं : 'दुसऱ्या फेरीची माहिती मी तपासली असून ती योग्य आहे.' दुसऱ्यात होतं : 'सदर माहिती श्रीमती प्रतिभा यांनी बनावट भरल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे.' दोन्हीखाली सहीसाठी माझं नाव.

"सोमवारी यातल्या एकावर सही करून द्या."

"आणि दुसऱ्यावर केली तर परिषदेचं काय?"

"मग 'संशोधनातील नैतिकता' असं विशेष सत्र घेऊ. आपण गैरप्रकार पकडला. तेही छानच दिसतं."

कोणतीही सही झाली तरी बॅनरवरचा फोटो तोच राहणार होता.

पहिल्या पत्रावर सही करणं मला शक्य नव्हतं. राहिलं दुसरं. आरोप करायचा तर नमुन्यादाखल दोन-तीन घरं तरी जोडायला हवीत, म्हणून दुपारी मी सगळा गठ्ठा सोडला. आतापर्यंत मी खुणा कोणत्या चौकटीत आहेत एवढंच पाहिलं होतं, त्या कशा काढल्यात ते पाहिलं नव्हतं. सरांनी तर फक्त आलेख पाहिला होता.

पहिल्या घरात बरोबरच्या खुणा होत्या, शेपूट वर लांब ओढलेली. तिन्ही फॉर्मवर तशीच शेपूट. दुसऱ्या घरात चौकट जांभळ्या जेल पेननं पूर्ण रंगवलेली, तिन्ही फॉर्मवर. तिसऱ्या घरात बारीक फुल्या, पेन्सिलीनं आधी काढून वर पेन फिरवलेल्या. चौथ्या घरात पट्टी लावून रेघ मारलेली. मी वीसही घरं पाहिली. घरातल्या घरात एकच हात, पण घरागणिक हात वेगळा. प्रतिभानं एसटीत बसून हे केलं असेल, तर तिच्याकडे वीस हात, एक पट्टी आणि अमाप वेळ होता. आणि एवढा वेळ असता, तर तिनं फॉर्म नीटच भरून घेतले असते.

थोडक्यात, माझा संशय खरा होता, फक्त माणूस चुकला होता. ते नाव मात्र मी आधीच उच्चारून बसले होते.

मी प्रतिभाला फोन केला. "रविवारी सकाळी सातला द्वारका चौकात उभी राहा. आपण गावात जातोय. कोणालाही कळवायचं नाही."

"कोणालाही म्हणजे?"

"गावातल्या कोणालाही. आणि ऑफिसातल्याही."

रविवार यासाठी, की बाजार समिती बंद, शाळा बंद, सगळे घरी. न कळवता यासाठी, की कळवलं की घरं आवरलेली मिळतात. माणसंसुद्धा.

द्वारकेच्या चौकात रविवारी सातलाही पंधरा मिनिटं अडकायला होतं, तशी आमची गाडी अडकली. प्रतिभा मागे न बसता माझ्या शेजारी बसली होती आणि पर्स दोन्ही हातांनी धरून होती. पिंपळगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मला तिथे नेऊन त्यांच्यासमोर विचारणार आहात का?"

"काय?"

"की मी आले होते का."

"आली होतीस का?"

"वीसही घरी. दोन-दोनदा." मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "वाचून नाही भरून घेतले. फॉर्म ठेवून आले आणि पुढच्या आठवड्यात गोळा केले. पुरुष माणसं अंधार पडल्यावर घरी येतात, माझी शेवटची एसटी सहाला. पहिल्या फेरीला आम्ही तिघं होतो, गाडी होती. दुसऱ्या फेरीला सरांनी बाकी दोघांना परिषदेच्या कामाला घेतलं. गाडीपण तिकडेच."

"मला का नाही सांगितलंस?"

"दौऱ्याच्या कागदावर तुमची सही आहे, मॅडम. एका दिवसात चार घरं. मला वाटलं, तुम्हाला माहितीय."

सही माझीच होती. परगावी जायच्या आदल्या दिवशी सतरा कागदांबरोबर केलेली. त्या कागदावरचा 'चार' हा आकडा मी पाहिला नव्हता. मला संशय घेता येतो, असा माझा लौकिक आहे. स्वतःच्या सहीवर घेण्याची सवय नव्हती.

"शुक्रवारी हे का नाही बोललीस?"

"तुम्ही दार लावायला सांगितलंत. दार लावून बोलावलं की आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं."

चांदवडच्या बरंच अलीकडे आम्ही उजवीकडे आत वळलो. पहिलं घर वैष्णवीचं, बरोबरच्या खुणेला लांब शेपूट ओढणारं. (इथली सगळी नावं मी बदलली आहेत.) पत्र्याची पडवी, पुढे पिकअप गाडी, बाजूला कांद्याची चाळ. वैष्णवीचे वडील बाळासाहेब गाडीचं बॉनेट उघडून आत वाकले होते. आई मंदाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"या या, प्रतिभाताई! आज रविवारच्या?" मंदाबाई उठल्या. माझ्याकडे पाहून जरा दबकल्या. "या कोण?"

"या आमच्या मोठ्या मॅडम."

"काय चुकलं का?" हा पहिलाच प्रश्न. मोठ्या मॅडम कशाला येतात, याचा त्यांना अनुभव असावा.

"काही नाही चुकलं. फॉर्मबद्दल थोडं विचारायचं होतं."

"फॉर्मचं होय!" त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "वैष्णवीऽ! फॉर्मवाल्या आल्यात गं!"

वैष्णवी आली, ती हातात निळा प्लॅस्टिकचा फोल्डर घेऊनच. दोन वेण्या, कपाळावर आठी. आमच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "कोणता कागद कमी पडला?"

मी प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभानं माझ्याकडे.

"मागच्या महिन्यात ताई फॉर्म देऊन गेल्या होत्या," मी म्हणाले. "तुझा, मम्मीचा, पप्पांचा. ते कोणी भरले?"

"मीच."

"तिन्ही?"

"मग दुसरं कोण भरणार?"

बॉनेटच्या आतून बाळासाहेबांचा आवाज आला. "आमच्या घरची तलाठी हाय ती. समदं दफ्तर तिच्याकडं. आम्ही निस्ती सही मारतो."

"आधारचं, बँकेचं, पीकविम्याचं, माझ्या माहेरच्यांचंसुदीक," मंदाबाई म्हणाल्या. "हिला सातवीपासून कळतं सगळं. आपल्याला त्यातलं काय नाय कळत."

इतकं साधं होतं. शाळेत जाणारं पोर हेच घरचं कार्यालय. फॉर्म दारात आला की तो त्या पोराकडे जातो, मग तो बँकेचा असो की बापाच्या मनात काय आहे ते विचारणारा. आम्ही सहा बैठकांत त्या घरात कोण कोणाच्या वतीनं बोलतं याचा बारकाईनं अभ्यास केला होता. फॉर्म कोण भरतं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

पण त्यानं अर्धाच उलगडा होत होता. तिन्ही फॉर्म एका हातानं भरले, हे कळलं. पण ते जुळावेत कशासाठी? मुलीला आईबापांचं मन कळत असेल, तर तिनं तिघांचं वेगवेगळंच लिहायला हवं होतं.

"वैष्णवी, पप्पांना जे वाटतं, तेच मम्मीला आणि तुला वाटतं का?"

"नाही."

"मग तिघांचं सारखं कसं लिहिलंस?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मोठ्या मॅडमना एवढंही कळू नये, याचं तिला नवल वाटलेलं दिसत होतं.

"सेमच पाहिजे ना, मॅडम. आधारवर बाळासाहेब होतं आणि पासबुकावर बाळू. माझी स्कॉलरशिप दोनदा परत आली. तालुक्याला तीन खेपा झाल्या. पप्पांचा बाजार बुडला. तिथले साहेब म्हणले, सगळ्या कागदांवर एकच पाहिजे, काना-मात्रा इकडची तिकडं झाली तर फॉर्म रिजेक्ट." तिनं फोल्डरवर बोट आपटलं. "मग मी पहिला माझा भरला. त्यावरनं दोन्ही टॅली करून घेतले."

"आणि बाकीच्या घरांत?"

"शाळेत सगळ्यांनी विचारलं मला. मी सांगितलं, तिन्ही मॅच करा, नाहीतर ताई परत येतील."

तिन्ही खेड्यांना मिळून हायस्कूल एकच. आमची वीसही मुलं त्याच शाळेतली. नाशिक पॅटर्न तिथे, मधल्या सुट्टीत तयार झाला होता.

प्रतिभाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मंदाबाईंनी तिला पाणी आणून दिलं.

मी कोरे फॉर्म बरोबर घेतलेच होते. नियमानं वेगवेगळं बसवलं. प्रतिभा मंदाबाईंना घेऊन आत गेली. मी बाळासाहेबांबरोबर चाळीच्या सावलीत बसले आणि वाक्यं वाचू लागले.

"'आमच्या घरात मुलांचं त्यांच्या तोंडावर कौतुक केलं जातं.'"

"कधीच नाय. तोंडावर कशाला?"

"'आमच्या घरात निर्णय घेण्याआधी मुलांचं मत विचारलं जातं.'"

"नेहमी." त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "दहावीनंतर नाशिकला जायाचं म्हणती. मी म्हणलं, बघू. हे विचारल्यात धरायचं का नाय?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मग नेहमीच लिवा." पुढची दोन वाक्यं झाल्यावर ते म्हणाले, "त्ये आधीचं जरा कमी करा. बऱ्याचदा करा." आणि मग हळूच, "माझ्या नावानं काय लिवलं व्हतं तिनं?"

"ते मला सांगता येत नाही."

"बापाचं चांगलंच लिवलं असंल," ते म्हणाले आणि कापडानं हात पुसत राहिले.

शेवटी वैष्णवी. तिला मी ओट्याच्या टोकाला बसवलं. पहिल्या वाक्यालाच ती म्हणाली, "पप्पांनी काय सांगितलं?"

"ते सांगायचं नसतं. तुला काय वाटतं ते सांग."

"पण मग मॅच कसं होणार?"

"व्हायलाच नको."

हे तिच्या पचनी पडेना. प्रत्येक वाक्याला ती आधी माझा चेहरा वाचायची. मत विचारलं जातं का, या वाक्यावर मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिकअपकडे पाहिलं. वडील पुन्हा बॉनेटमध्ये वाकले होते.

"क्वचित," ती म्हणाली. मी खूण केली. तिनं मान वाकडी करून ती योग्य चौकटीत झाली का ते पाहून घेतलं.

चाळीस वाक्यं संपली. मी तिन्ही फॉर्म पिशवीत ठेवायला लागले.

"मॅडम, तिन्ही वेगळे आलेत ना?"

"हो."

"तरी घेताय?"

"आम्हाला असेच लागतात."

"नक्की?"

"नक्की."

"मग पोच द्या."

"कशाची पोच?"

"फॉर्म घेतल्याची. वेगळे असले तरी चालतील म्हणून. तोंडी सगळेच साहेब हो म्हणतात. खिडकी बदलली की परत पाठवतात." तिनं वहीतलं पान फाडून माझ्यापुढे धरलं.

मी लिहिलं : 'आज रोजी तीन फॉर्म मिळाले. त्यांतील उत्तरे एकमेकांशी जुळत नसली तरी ते स्वीकारले आहेत.' सही केली, तारीख घातली. तिनं ते दोनदा वाचलं, फोल्डरमध्ये ठेवलं आणि मग कुठे आम्हाला चहा मिळाला.

परतताना गाडीत प्रतिभानं विचारलं, "मॅडम, सोमवारी काय होणार?" दोन पत्रांबद्दल तिला कोणीतरी सांगितलेलं होतं. आमच्या ऑफिसात गुप्त गोष्ट दुपारच्या डब्यापर्यंत टिकते.

"तिसरं पत्र होणार," मी म्हणाले.

ते मी रविवारी संध्याकाळी लिहिलं. एक पान. दुसऱ्या फेरीचे फॉर्म घरातल्या मुलांनी भरले आहेत, सबब ते वापरता येणार नाहीत. प्रतिभानं फॉर्म वाचून भरून न घेता घरी ठेवले, ही तिची चूक. एका दिवसात चार घरांच्या दौऱ्याला न वाचता मंजुरी दिली, ही माझी. तीनपैकी दोन माणसं आणि गाडी परिषदेच्या कामाला वळवल्यामुळे नियम पाळणं अशक्य झालं, हा निर्णय संचालकांचा. माहिती कोणीही बनावट भरलेली नाही. फेरी तीन माणसांनी नव्यानं घ्यावी. प्रत : अभ्यासाला निधी देणारी संस्था, मार्फत संचालक.

सोमवारी सरांकडे जायला निघाले. दाराशी पोचले आणि मला ते वहीतलं पान आठवलं. पत्र सरांच्या हातात दिलं असतं, तर सर म्हणाले असते, "ठेवा, बघू." त्यांच्या टेबलाचा खालचा खण अशा बघू-बघूंनी भरलेला होता. मग मी वळले आणि आवक-जावकच्या टेबलाशी गेले. ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र तिथे वहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो. त्यानंतर ते आलंच नाही, असं कोणाला म्हणता येत नाही. तिथले गायकवाड भाऊ तेवीस वर्षं शिक्का मारताहेत.

त्यांनी पत्र वाचलं. वाचायचं नसतं, पण ते वाचतात. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, सरांना विचारून मारतो शिक्का."

"गायकवाड, पत्र आलं का नाही?"

"आलं."

"मग आल्याचा शिक्का मारायला कोणाला विचारायचं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, प्रतिभाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग शिक्का शाईत दोनदा दाबला आणि मारला, मूळ पत्रावर आणि माझ्या प्रतीवरही. "पोरगी साधी आहे हो," एवढंच म्हणाले.

अकरा वाजता सरांनी बोलावलं. पत्र त्यांच्यासमोर होतं.

"हे मागे घ्या. आपण बसून बोलू."

"वहीत चढलंय, सर."

"वही आपलीच आहे."

"माझ्या प्रतीवर शिक्का आहे."

सर खुर्चीत मागे टेकले. "आणि मी प्रतिभाला नोटीस दिली तर?"

"तर तिच्या उत्तराला हे पत्र जोडावं लागेल. त्यातला तिसरा मुद्दा मग सगळ्यांना वाचावा लागेल."

तिसरा मुद्दा त्यांचा होता. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग त्यांनी दोन्ही जुनी पत्रं माझ्याकडून परत मागितली आणि स्वतःच्या हातानं फाडली. नोटीस निघाली नाही.

परिषद ठरल्या दिवशी झाली. बॅनर बदलला नाही, कारण छापून आला होता. सर 'संवादाचा नाशिक पॅटर्न' या विषयावर पाऊण तास एकही आकडा न सांगता बोलले आणि टाळ्या पडल्या. तळहाताचं स्मृतिचिन्ह मलाही मिळालं. त्यावर काय आहे, ते अजून कळलेलं नाही.

फेरी नव्यानं झाली. तीन माणसं आणि गाडी मिळाली. काही घरांत तफावत थोडी कमी झाली होती, काहींत तशीच होती आणि तीन घरांत वाढली होती. बैठकांनंतर मुलं आईबापांपेक्षा वेगळं बोलायला धजावली, असाही त्याचा अर्थ लावता येतो. प्रतिभानं तो सावधपणे लावला. प्रबंधाला दीड वर्ष उशीर झाला, पण तो उभा राहिला. उशीर मान्य करून घेण्यासाठी तिनं वडिलांकडून मुदतवाढ घेतली, लेखी.

मी त्यातून दोन गोष्टी शिकले. एखाद्या घरात सगळ्यांचं एकमत दिसलं, की आधी विचारते, इथे फॉर्म कोण भरतं. आणि दार लावून घ्यायला सांगत नाही. प्रतिभा सांगते, माझी पोच वैष्णवीच्या निळ्या फोल्डरमध्ये अजून आहे, आधारच्या मागे. गायकवाडांच्या शिक्क्याची माझी प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्यावर तो तळहात ठेवलाय. कागद उडू नये म्हणून बरा पडतो.